सुरूर-पोलादपूर मार्ग व जुना पारघाट

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकीचा घाट ओलांडला म्हणजे थोड्या अंतरावर सुरूर हें गांव लागतें. तेथें उजव्या हातास जो फांटा फुटतो, तो वाईवरून पसरणीचा घाट चढून पांचगणीस जातो, पठारावरून महाबळेश्वर गांठतो, आणि तेथून आंबेनळीच्या घाटानें कोंकणांत उतरून पोलादपुराजवळ मुंबई-गोवें रस्त्यास मिळतो. सरकारी दप्तरांत राज्यमार्ग म्हणून नोंदलेल्या या रस्त्याची लांबी सुमारें ९० किलोमीटर आहे. अंतर फार नव्हे; परंतु एवढ्या अंतरांत देश, माथा आणि तळकोंकण हे तिन्ही प्रदेश प्रवाशाच्या दृष्टीस पडतात, आणि कृष्णा, कोयना व सावित्री या तीन नद्यांचीं खोरीं तो ओलांडतो.

या रस्त्याचा इतिहास स्वतंत्रपणें लिहिण्याचें आम्हांस एक विशेष कारण वाटतें. प्रतापगड पाहण्यास जाणारा सुशिक्षित मनुष्य महाबळेश्वराहून गाडीनें निघतो, वाडा कुंभरोशीपाशीं वळतो, आणि गडाच्या पायथ्याशीं उतरतो. वाटेंत त्यास जीं वळणें लागलीं, जे कडे दिसले, तेच अफजलखानाच्या फौजेनें पाहिले असावे अशी त्याची सहज समजूत होते. लेखकहि या समजुतींतून सुटत नाहींत. जावळीच्या प्रसंगाचीं कांहीं वर्णनें वाचतांना तीं लिहिणाऱ्यानें आजचा रस्ताच डोळ्यांपुढें ठेवला आहे, हें पदोपदीं जाणवतें. वास्तविक आंबेनळीचा गाडीरस्ता खुला झाला तो १८७६ च्या सुमारास, म्हणजे खानाच्या वधानंतर दोनशें सतरा वर्षांनीं. जुना राजमार्ग निराळा होता, तो गडाच्या दुसऱ्या अंगानें जात होता. आणि तो निराळा होता ही गोष्ट लक्षांत घेतल्यावांचून प्रतापगड त्याच डोंगरावर कां बांधला, खानाचा तळ पारासच कां पडला, व तळ मोडल्यावर पळणारे ज्या दिशेस पळाले त्याच दिशेस कां पळाले, यांपैकीं एकाहि प्रश्नाचा नीट उलगडा होत नाहीं. सबब आम्हीं प्रथम रस्ता घेतला आहे, व त्याच्या ओघानें प्रसंग घेतले आहेत.

सुरुराहून वाईपर्यंतची वाट सपाट आहे. उजवीकडे पांडवगड दिसत असतो. वाई ही कृष्णेच्या कांठची पुरातन वस्ती. पौराणिक परंपरा तिला विराटनगरी म्हणते. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें वाईचें महत्त्व तिच्या देवळांपेक्षां तिच्या जागेंत आहे. कोंकणांतून पारघाटानें वर आलेला माल देशावर प्रथम ज्या मोठ्या कसब्यांत उतरे, त्यांत वाई प्रमुख होती. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यावी आणि धान्य, गूळ, मिरची खालीं जावी, असा हा व्यवहार बैलांच्या पाठीवर चाले. आदिलशाहींत वाई हें परगण्याचें ठाणें होतें, आणि तें अफजलखानाकडे होतें. म्हणजे १६५९ सालीं खान जावळीवर चालून आला तो परक्या मुलखांत आला असें नव्हे. वाईचा सुभा त्यानें स्वतः सांभाळलेला होता, आणि त्याचा वकील कृष्णाजी भास्कर हाहि वाईकडचाच. वाईपर्यंतचा मुलूख त्यास ठाऊक होता. त्याच्या अज्ञानाची हद्द वाईच्या पश्चिमेस, डोंगर जेथें सुरू होतो तेथें, लागत होती.

पेशवाईंत रास्त्यांनीं वाईस घाट, देवळें व वाडे बांधून गांवाची शोभा वाढविली. ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधिलें. कृष्णेच्या वरच्या अंगास अगदीं जवळ मेणवली आहे. तेथें नाना फडणिसांचा वाडा व घाट असून, वसईच्या मोहिमेंतून आणलेली म्हणून दाखविली जाणारी घंटा तेथील देवालयांत आहे. आमच्यासारख्या कागद चाळणारांस मेणवलीचें नांव वाड्यापेक्षां दप्तरामुळें अधिक परिचित आहे. आणि इतिहाससंशोधनाच्या दृष्टीनें तर वाईचें ऋण याहूनहि मोठें. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला तो वाईस सांपडलेल्या कागदांवरूनच. ज्या गांवावरून वाट जाते त्या गांवांत कागद सांचतात, हा अनुभव महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं येतो. वाई हें त्याचें ठळक उदाहरण होय. पुढें प्राज्ञपाठशाळा आणि नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं विश्वकोशाचें कार्य याच गांवीं झालें.

वाई सोडली कीं पसरणीचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याचें पसरणी हें गांव शाहीर साबळे यांचें जन्मगांव. घाट चढतांना खालीं कृष्णेचें खोरें जसें उघडें होत जातें, तसें या वाटेवर दुसरें कोठें दिसत नाहीं. माथ्यावरील पांचगणीविषयीं फार लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या गांवांच्या शिवांवर ती वसली. जॉन चेसन नांवाच्या इंग्रजानें फ्रीअर गव्हर्नराच्या अमदानींत तिला नांवारूपास आणिलें. जुन्या कागदांत या पांच गांवांचीं नांवें शोधावीं. पांचगणी शोधूं नये.

हीच सावधगिरी महाबळेश्वराविषयीं अधिकच बाळगावी लागते. आजचा रस्ता ज्या बाजारपेठेंतून जातो ती पेठ एकोणिसाव्या शतकांतली आहे. मूळ महाबळेश्वर म्हणजे क्षेत्र, तें पेठेपासून थोड्या अंतरावर. तेथें महाबळेश्वराचें व पंचगंगेचें देऊळ असून कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री यांचा उगम तेथें मानितात. यादव राजा सिंघण तेराव्या शतकाच्या आरंभीं येथें आला होता, अशी परंपरा आहे. शिवकालांत महाबळेश्वरास येणें म्हणजे या क्षेत्रास येणें. सन १६६५ च्या जानेवारींत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं शिवाजीमहाराजांनीं मातोश्री जिजाबाईंची व सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली ती याच ठिकाणीं. तेव्हां कोणत्याहि जुन्या पत्रांत ‘महाबळेश्वरावरून’ असा उल्लेख आला, तर तो क्षेत्राच्या बाजूचा समजावा, आजच्या बाजाराचा नव्हे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. महाबळेश्वराच्या पठारावरून कोंकणांत जावयाचें तर एक घाट उतरून भागत नाहीं, दोन उतरावे लागतात. या प्रदेशाच्या रचनेंतील ही गोष्ट नकाशावर पटकन ध्यानांत येत नाहीं. पठाराच्या पश्चिम कड्याखालीं प्रथम कोयनेचें खोरें लागतें. हीच जावळी. कोयना येथें दक्षिणेकडे वाहत जाते, आणि तिचें पाणी शेवटीं कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्रास जातें. म्हणजे पठार उतरूनहि मनुष्य अद्याप देशावरच असतो. कोयनेच्या पलीकडे आणखी एक डोंगराची रांग आहे. ती ओलांडली म्हणजे खरा सह्याद्रीचा कडा लागतो, व त्याखालीं सावित्रीचें खोरें, म्हणजे कोंकण. जुन्या वाटेचा पहिला उतार, पठारापासून कोयनेपर्यंतचा, तो रडतोंडीचा घाट. दुसरा, पारापासून कोंकणांतील किनेश्वरापर्यंतचा, तो पारघाट. मध्यें, दोन्ही घाटांच्या पोटांत, कोयनेच्या कांठीं पार हें गांव. प्रतापगड उभा आहे तो या दुसऱ्या रांगेवर, पाराच्या उत्तरेस.

रडतोंडी या नांवाची फोड लोक सांगतात तीच सरळ आहे: चढणाराचें तोंड रडवें होतें म्हणून रडतोंडी. इंग्रज प्रवाशांनीं या नांवाचें ‘रोटुंडा’ करून टाकिलें, आणि मूळ नांव न जाणणाऱ्यास ती एखादी घुमटाची इमारत असावी असें वाटेल. पाराचे दोन भाग, पार पार आणि पेठ पार, असे मानितात. ‘पेठ’ या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आज या बाजूस जाणाऱ्यास ती शांत डोंगराळ वस्ती दिसते. तेथें कोणीं कशासाठीं पेठ बसवावी असा प्रश्न पडतो. परंतु दोन घाटांच्या मध्यें जनावरांस विसावा, चारा व पाणी मिळण्याचें एकच सपाट ठिकाण तें. तांडे तेथें उतरत, ओझीं बदलत, आणि जेथें तांडा उतरतो तेथें वाणी येतोच. गांवांत श्रीरामवरदायिनीचें देऊळ आहे. कोयनेवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. लोकपरंपरा त्यास शिवकालीन म्हणते, आणि अद्यापि तो वाहतुकीस उपयोगी पडतो. त्याचा काळ कोणताहि ठरो, एवढ्या भक्कम बांधणीचा पूल डोंगराच्या या कोपऱ्यांत कोणी हौसेनें बांधणार नाहीं. वाट वाहती होती म्हणून पूल झाला.

आतां प्रतापगड. जावळी १६५६ च्या जानेवारींत मोऱ्यांकडून घेतली, आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकडून भोरप्याच्या डोंगरावर हा किल्ला बांधविण्यांत आला. याचा हेतु ग्रांट डफनें स्पष्ट सांगितला आहे: नीरा व कोयना यांच्या कांठच्या मुलखांत शिरण्याची वाट सुरक्षित करावी, आणि पारघाटाचें संरक्षण बळकट करावें. डफच्या इतिहासांत दोष पुष्कळ काढण्यांत आले आहेत व त्यांतील बरेच खरेहि आहेत. परंतु या ठिकाणीं त्याचें विधान मोलाचें आहे, कारण तो साताऱ्यास राहिलेला, हा मुलूख पाहिलेला, आणि आंबेनळीचा रस्ता होण्यापूर्वींचा लेखक आहे. त्याच्या डोळ्यांपुढें जुनीच वाट होती. गड पारघाटाचा, हें त्यास सांगावें लागलें नाहीं. आज आंबेनळीकडून गडावर जाणारास मात्र तो कोणत्या वाटेचा पहारेकरी आहे हें विचारूनहि कळत नाहीं.

सन १६५९. आदिलशहानें कान्होजी जेध्यास खानास सामील होण्याविषयीं १६ जूनला फर्मान पाठविलें, यावरून पावसाळ्यापूर्वींच मोहिमेची सिद्धता होती असें दिसतें. खान वाईस येऊन राहिला. शिवाजीमहाराज प्रतापगडावर होते. येथें दोन्ही पक्षांचा डाव एका प्रश्नावर येऊन ठेपला होता: मैदानांत कोण उतरतो, किंवा डोंगरांत कोण चढतो. वकिलांच्या येण्याजाण्याचा शेवट खानानें डोंगरांत यावें असा झाला. त्याची फौज पठार चढून रडतोंडीनें कोयनेच्या खोऱ्यांत उतरली, आणि तळ पाराच्या आसपास पडला. खान येणार म्हणून ही वाट झाडी तोडून मोकळी करण्यांत आली, अशी हकीकत परंपरेनें आलेली आहे. आणि कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत जावळीच्या निबिड अरण्याचें जें वर्णन आहे, तें पाहतां एवढ्या फौजेस वाट करून द्यावी लागणें अगदीं संभवनीय आहे. वाट मोकळी करून देणें यांत आदरातिथ्य होतें, आणि दुसरेंहि कांहीं होतें. ज्यानें वाट उघडली त्यास ती केव्हां व कोठें बंद करावयाची हें ठाऊक होतें.

पारास तळ दिल्यावर खानाची स्थिति काय झाली? मागें रडतोंडीचा चढ. पुढें दुसरी रांग, तिच्यावर गड, आणि पारघाटाचें तोंड त्या गडाच्या माऱ्यांत. दोन्ही अंगांस रान. मोकळी दिशा एकच उरली, ती कोयनेच्या पाण्याबरोबर दक्षिणेकडे. ज्यांस आजचा आंबेनळीचा रस्ता तेव्हांहि होता असें वाटतें, त्यांना खानाच्या फौजेला उत्तरेकडून किंवा पश्चिमेकडून सहज बाहेर पडतां आलें असतें असें वाटणें साहजिक आहे. आणि मग ती पडली कां नाहीं याचें कारण ते फौजेच्या भित्रेपणांत शोधतात. वास्तविक बाहेर पडण्यास वाटच नव्हती. तो तळ म्हणजे हांडीच्या बुडाशीं होता.

मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, गुरुवार, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९, या दिवशीं गडाखालीं भेट झाली व खान मारला गेला. भेटीच्या प्रसंगाविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत आम्ही भर घालूं इच्छीत नाहीं. पहिला वार कोणाचा, या वादानें शाई पुष्कळ खर्ची पडली, व त्या मानानें पाराच्या तळाकडे लक्ष कमी गेलें. संकेत होतांच रानांत दडलेल्या मराठी टोळ्या तळावर तुटून पडल्या. त्यानंतर जे पळाले त्यांच्या वाटेसंबंधानें डफनें एक महत्त्वाची नोंद दिली आहे. खानाच्या कुटुंबांतील माणसें व त्याचा मुलगा फाजल यांस खंडोजी नांवाच्या एका मराठ्यानें (हा खंडोजी खोपडे) द्रव्य घेऊन कोयनेच्या कांठाकांठानें नेऊन कऱ्हाडास पोंचतें केलें. वाई ही जवळ होती, ठाणें त्यांचेंच होतें, ओळखीचा रस्ता तोच होता. असें असतां ते वाईकडे न जातां लांबच्या कऱ्हाडाकडे गेले. याचा अर्थ रडतोंडी बंद होती, व माहितगार मनुष्य सोबत असूनहि नदीची एकच वाट सुटकेची राहिली होती. आमच्या मतें जावळीच्या युद्धाची रचना समजण्यास ही एक ओळ भेटीच्या दहा वर्णनांहून अधिक उपयोगाची आहे. खंडोजीस पुढें हात व पाय तोडण्याची शिक्षा झाली. त्या शिक्षेच्या कडकपणावरूनहि, बंद केलेल्या कोंडीस त्यानें पाडलेलें भोंक किती लागलें असेल, याची कल्पना येते. यानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, २८ नोव्हेंबरास, पन्हाळा मराठ्यांच्या हातीं आला.

पेशवाईंत या वाटेवर दुसरा मोठा प्रसंग आला तो नाना फडणिसांचा. त्यापूर्वीं सखारामबापू बोकिलास नानांनीं कैद केलें, तेव्हां कांहीं काळ त्यास प्रतापगडावर ठेविलें होतें व तेथून रायगडास नेलें. म्हणजे हे दोन किल्ले व त्यांमधील वाट नानांच्या हिशेबांत आधींपासून होती. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरांत वारल्यावर वारसाच्या प्रकरणीं जें कारस्थान माजलें, त्यांत १७९६ सालीं नाना पुणें सोडून साताऱ्यास व वाईस आले. आपणास धरण्याचा बेत आहे असें कळतांच त्यांनीं कोंकणची वाट धरिली. मागचे घाट अडविले, प्रतापगडावर बळकट शिबंदी ठेविली, आणि महाडास पोंचतांच पहिलें काम केलें तें रायगडचा बंदोबस्त. वयोवृद्ध मुत्सद्दी, पाठीवर शिंद्यांच्या फौजेची धास्ती, आणि आश्रय कोणता तर शंभर सवाशें वर्षांपूर्वीं शिवाजीमहाराजांनीं घातलेल्या त्याच डोंगरी कड्या! महाडास बसून नानांनीं निजाम, भोसले, शिंदे, होळकर यांच्याशीं सूत्रें जुळविलीं, व त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावास गादीवर बसवून स्वतः पुन्हा कारभारीं आले. नानांच्या पलायनास कोणी भ्याडपणा म्हणतात. पारघाट पाहून आलेला मनुष्य तसें म्हणणार नाहीं. एकदां प्रतापगड हातीं ठेवून घाट उतरला कीं देशावरच्या फौजेला त्याच्या मागें जाणें दुर्घट होतें, आणि खालीं रायगड, बाणकोट व समुद्र मोकळे होते. तें पलायन नव्हे. ती जागा बदलणें होय.

इंग्रजी अमलांत वाटेचें प्रयोजनच पालटलें. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होतें. मुंबईहून गलबतानें बाणकोटच्या खाडींत यावें, सावित्रीनें दासगांव-महाडकडे चढावें, आणि तेथून डोलींत किंवा तट्टावर बसून पारघाट व रडतोंडी चढून थंड हवेंत पोंचावें, हा त्यांचा क्रम पडला. १८२४ मध्यें कर्नल लॉडविक डोंगरावर आला व त्यानें त्या हवेची वाखाणणी केली. रेसिडेंट ब्रिग्जच्या आग्रहावरून छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं साताऱ्याहून महाबळेश्वरापर्यंत उत्तम रस्ता बांधविला. १८२८ त गव्हर्नर माल्कम आला, आणि १८२९ च्या तहानें महाराजांनीं ही जागा देऊन वाई प्रांतांतील खंडाळा गांव मोबदल्यांत घेतलें. नवीन पेठ महाराजांनींच वसविली. नांव मात्र तिला माल्कमचें मिळालें. चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग तेथें १८३४ पासून १८६४ पर्यंत होता, व त्या कैद्यांनीं पठारावर भाजीपाल्याची लागवड वाढविली, हीहि एक विलक्षण गोष्ट या वाटेच्या इतिहासांत नोंदण्यासारखी आहे.

पुढें गाडीरस्त्याची गरज भासूं लागली. रडतोंडीचा चढ व पारघाटाचा उतार चाकांस सोयीचे नव्हते. एकाच्या जागीं दोन घाट बांधण्यापेक्षां पठाराच्या कडेनें हळूहळू उतरत, कोयनेच्या खोऱ्याच्या शिरोभागावरून, प्रतापगडाच्या उत्तरेच्या खिंडीकडे जावें, आणि तेथून एकदम सावित्रीच्या बाजूस उतरावें, अशी आंखणी करण्यांत आली. तोच आंबेनळीचा घाट. त्यास गव्हर्नर फिट्झजेराल्डचें नांव दिलें. तो १८६७ ते १८७२ पर्यंत गव्हर्नर होता, रस्ता खुला झाला तो त्याच्या मागें, १८७६ च्या सुमारास. पायवाटेनें जाणारास चढउतार चालतात पण अंतर वांचवावें लागतें. गाडीस अंतर चालतें पण चढ सोसत नाहीं. या एका फरकानें कोसावरचें पार दूर पडलें आणि कुंभरोशी नाक्यावर आली. कोणत्याहि सरकारी हुकुमानें पेठ पार मोडली नाहीं. बैल येईनासे झाले, एवढेंच झालें.

त्यानंतर दहा वर्षांच्या आंत आणखी एक पालट झाला. पुण्याहून दक्षिणेस लोहमार्ग गेला, आणि महाबळेश्वरचे प्रवासी वाठार स्टेशनावर उतरून वाईमार्गें पसरणीचा घाट चढूं लागले. तोंपर्यंत मुंबईकराच्या दृष्टीनें डोंगराचें पुढचें दार पश्चिमेकडे, महाडच्या बाजूस होतें. तें आतां पूर्वेकडे गेलें. सुरूर-वाईचा तुकडा गजबजला, आणि नवाच बांधलेला आंबेनळीचा घाट मागील दार होऊन बसला. मोटारी आल्यावर, व पुढें मुंबई-गोवें रस्ता वाहता झाल्यावर, त्यास पुन्हा थोडें महत्त्व आलें. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावरील शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण पंडित नेहरूंच्या हस्तें झालें, तेव्हां संयुक्त महाराष्ट्र समितीनें या मार्गावर काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शनें केलीं. जावळीच्या खोऱ्यांत एवढी माणसें एका दिवशीं जमण्याचा प्रसंग १६५९ नंतर क्वचितच आला असेल. या वेळीं मात्र कोणाची वाट कोणीं अडविली नाहीं.

आंबेनळीच्या घाटाचें एक वैगुण्य आंखणींतच आहे. सबंध रस्ता उभ्या कड्याच्या कुशींतून तोडलेला असल्यामुळें वरचें पाणी त्यावर पडतें व खालची माती त्याखालून सुटते. महाबळेश्वराचा पाऊस तर प्रसिद्धच आहे. २८ जुलै १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरास निघालेली बस या घाटांत दरींत कोसळून बरींच माणसें मृत्यु पावलीं. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं महाड तालुक्यांत तळियें गांव दरडीखालीं गेलें, आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणीं वाहून व खचून जाऊन घाट कित्येक दिवस बंद पडला. घांटमाथ्यावरील गांवांचा कोंकणाशीं संबंध तुटला, व आजाऱ्यास पोलादपुरास नेणें म्हणजे साऱ्या डोंगरास वळसा घालणें झालें. अशा वेळीं गांवकऱ्यांस जुन्या पायवाटांची आठवण होते. किनेश्वराहून पाराकडे येणारी वाट अशांपैकींच एक. तिची पाहणी, मोजणी व नकाशा होणें इतिहासाकरितां जितकें अवश्य आहे तितकेंच तेथें राहणाऱ्यांकरितांहि आहे, आणि हें काम जुनीं माणसें हयात आहेत तोंच झालें पाहिजे. कारण वाटेवरच्या विसाव्यांचीं, पाणवठ्यांचीं व चौक्यांच्या जागांचीं नांवें दप्तरांत नाहींत, तीं त्यांच्या तोंडीं आहेत.

घाट उतरल्यावर रस्ता सावित्रीच्या खोऱ्यांतून पोलादपुरास येतो. येथें जुनी वाट व नवा रस्ता पुन्हा एक होतात, कारण किनेश्वराहून येणारासहि महाडकडे जातांना याच बाजूस यावें लागे. पोलादपुरांत कवींद्र परमानंदाचा मठ व समाधि आहे. शिवभारताची प्रत सांपडली ती तंजावरास, आणि १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकरांनीं तें प्रसिद्ध केलें. कवि मात्र विसावला आहे तो ज्या अरण्याचें त्यानें वर्णन केलें त्याच्याच पायथ्याशीं, पारघाटानें उतरणारास पहिल्या मुक्कामावर. मुंबई-गोवें रस्त्याच्या वाहतुकींत हें स्थान प्रवाशांच्या नजरेंतून सुटतें. तें पाहून मगच घाट चढावा, आणि शक्य असेल त्यानें कुंभरोशीस न थांबतां पाराच्या पुलापर्यंत जाऊन यावें.